चावलेला गेंडा

दोन वस्तू अगदी सारख्या आहेत असं कोणी म्हटलं, की माझा हात अजूनही आपोआप चष्म्याकडे जातो. ही खोड माझ्या माहेरची नाही आणि सासरचीही नाही. ती मला बुलडाण्याच्या एका दातांच्या डॉक्टरांनी लावली. त्यांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं काम केलं. दातांबद्दल तिथे जे शिकले त्यातलं निम्मं आता विसरले, पण प्लास्टिकच्या हरणाच्या पोटाखालची शिवण कशी असावी, हे कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

माझी मुलाखतसुद्धा हरणांवरच झाली होती. मी संग्रामपूरकडची, लग्न होऊन बुलडाण्याला आलेली. दवाखान्यात मदतीला बाई पाहिजे असं कळलं म्हणून नेसत्या साडीवर पदर नीट करून गेले. डॉक्टरांनी शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. टेबलावर अंगठ्याएवढी दोन हरणं ठेवली आणि म्हणाले, फरक सांगा. मी दोन्ही उलटीपालटी करून पाहिली. रंग तोच, शिंगं तीच, शेपटीही तेवढीच. उत्तर तर काहीतरी द्यायला पाहिजे, म्हणून घाबरत घाबरत म्हटलं, की यातलं हे जरा उदास दिसतं.

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. ते हरीण खरोखर उदास होतं. कारखान्यातला साचा वापरून वापरून झिजला, की सगळ्यात आधी प्राण्याच्या तोंडाची रेघ पुसट होते आणि मग तो प्राणी कुणीतरी त्याला रागावल्यासारखा दिसायला लागतो, हे त्यांनी मला भिंग हातात देऊन समजावून सांगितलं. मग म्हणाले, सोमवारपासून या. दवाखान्याची वेळ काय आणि काम काय करायचं, हे त्या दिवशी बोलायचं राहूनच गेलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. एके काळी एका टूथपेस्टच्या खोक्यात ट्यूबसोबत एक चिमुकला प्लास्टिकचा प्राणी निघायचा. घरोघरची पोरं त्या प्राण्यासाठी दात घासायची. पुढे ते बंद झालं आणि इतकी वर्षं गेल्यावर आता हौशी लोक ते प्राणी जमवायला लागले आहेत. पण गोम अशी, की एकच प्राणी वेगवेगळ्या साच्यांतून निघाला, त्यात पुन्हा दुसऱ्यांनी त्याच्या नकला काढल्या. वरवर पाहिलं तर सगळे एकाच आईची लेकरं. त्यातला पहिल्या साच्याचा कोणता, झिजल्या साच्याचा कोणता आणि नकली कोणता, हे ओळखणं म्हणजे डॉक्टरांचं खरं आयुष्य होतं. दात ते मधल्या वेळात काढायचे.

बसायच्या खोलीत दुसऱ्या दवाखान्यांत जुनी मासिकं असतात, आमच्याकडे काचेचं कपाट होतं. वरच्या फळीवर हरणं, त्याखाली उंट, कांगारू, पाणघोडे, असे खालपर्यंत. कपाटावर डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'प्राणी हातात घ्यावे. चावू नये.' रडणाऱ्या पोराच्या हातात ते एखादा नकली प्राणी देत, अस्सल कधीच नाही. गुटखा खाणाऱ्याला मात्र उपदेश करत नसत. जबडा वासून उभा असलेला पाणघोडा त्याच्यासमोर धरत आणि आरसा त्याच्या हातात देत. मग तो माणूस आरशात बघे, पाणघोड्याकडे बघे आणि जे समजायचं ते समजून घेई. तरी बाहेर पडल्यावर पुडी फोडणारेही होतेच, नाही असं नाही.

प्राणी तपासायची हत्यारं आणि दात तपासायची हत्यारं एकच होती. तोंडात घालायचा तो छोटा गोल आरसा प्राण्याच्या पोटाखाली जाई. कीड टोकरायची टोकदार सळई शिवणीवरून फिरे. मग तो प्राणी स्टीलच्या ट्रेमध्ये बोटभर उंचीवरून टाकायचा आणि आवाज ऐकायचा. जुनं प्लास्टिक टणक वाजतं, नकली मऊ वाजतं. एकदा खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या एका गुरुजींनी विचारलं, की हे काय पडलं, माझा दात का. डॉक्टर म्हणाले, नाही, उंट आहे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणीही पेशंट कपाटाकडे बघून म्हणाला, की हे सगळे सारखेच दिसतात हो, की डॉक्टर काम थांबवून आत बसल्या बसल्या उत्तर देत.

"सारखं असं काही नसते. आपन नीट पाहत नाही, एवढंच."

हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्यावर मी पुन्हा येणार आहे.

माणसं मात्र त्यांना मुळीच ओळखू येत नसत. चेहरा म्हणून काही असतो, हे त्यांच्या गावीच नव्हतं. बाजारात कुणी नमस्कार केला, की ते नुसते बघत राहायचे. तो माणूस हसला, की एकदम गाडी रुळावर यायची. 'अरे, तुम्ही! वरची डावी दाढ!' असं भर बाजारात म्हणून ते त्याला मिठी मारत. लग्नाकार्यात त्यामुळे त्यांचं बरं चाले, तिथे सगळे हसतात. मयतीला गेले, की पंचाईत. एकदा तर ज्याचे वडील गेले होते त्यालाच त्यांनी विचारलं, तुम्ही कोण. घरी येऊन त्यांच्या पत्नीने, ज्यांना मी वहिनी म्हणायचे, कपाळावर हात मारून घेतला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात हत्यारांची पूजा असायची. चिमटे, सळया, खुर्ची, सगळ्यांना हळदकुंकू. आणि दरवर्षी न चुकता वहिनी स्टुलावर चढून औषधांच्या कपाटावर ठेवलेल्या एका प्लास्टरच्या दातांनाही कुंकू लावायच्या. पहिल्या वर्षी मी विचारलं, हे कुणाचे. त्या म्हणाल्या, सासूबाईंचे. डॉक्टर नागपूरला शिकत होते तेव्हा सुट्टीत घरी येऊन त्यांनी आयुष्यातला पहिला ठसा आपल्या आईच्या दातांचा घेतला होता. माउली अंगणात बसली होती, तोंडात गुलाबी लगदा, बोलता येईना, आणि हातातली कोथिंबिरीची जुडी ती डॉक्टरांच्या पाठीत मारत होती, असं वहिनींनी ऐकलेलं होतं. त्या ठशातून ओतलेले ते दात. पुढच्या एका दातावर बारीकशी खाच होती. ती कशी पडली हे डॉक्टरांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. देऊळघाटला त्यांचा भाजीचा मळा, आई जन्मभर कोथिंबिरीच्या नि मेथीच्या जुड्या बांधायची आणि दोरा दाताने तोडायची. दोरा एकाच जागी घासून घासून ती खाच पडली. शिंप्यांच्या दातांवर असते तशी.

आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आईबद्दल डॉक्टर नेहमी मायेने बोलत. पण बोलता बोलता एका जागी दगडाला ठेच लागल्यासारखे थांबत. तो दगड कुठला, हे कळायला मला वेळ लागला.

कपाटात गेंड्यांची फळी सगळ्यात मोठी होती. इतके गेंडे मी जंगलात सोडा, स्वप्नातही पाहिले नाहीत. पण एक गेंडा त्या फळीवर नव्हता. तो डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात कापसात गुंडाळून ठेवलेला असे. त्याचं शिंग चेपलेलं होतं, कुणीतरी दातांनी चावल्यासारखं. तो बाहेर काढायचा नाही आणि त्याच्याबद्दल विचारायचं नाही, हे मला वहिनींनी पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं. मी अर्थातच विचारलं.

गोष्ट अशी होती. डॉक्टर आणि त्यांचा मोठा भाऊ लहान असताना वडील बाजारातून टूथपेस्ट आणायचे. दात घासायला घरात राख होती, टूथपेस्टने आई समया घासायची, पण पोरांना प्राणी हवे असत. एकदा दोन खोक्यांत दोन गेंडे निघाले, दोघा भावांना एकेक. दोन्ही डिट्टो सारखे. पुढे कधीतरी त्यातल्या एकाचं शिंग चावलेलं दिसायला लागलं. चावलेला कोणाचा आणि चांगला कोणाचा, यावरून तेव्हापासून वाद. हे सगळे प्राणी महालक्ष्म्यांच्या पेटीत असत, कारण दरवर्षी भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी बसल्या, की त्यांच्यापुढच्या आराशीत ते मांडायचे.

वडील गेल्यावर वाटणी झाली. मळा वाटला, विहिरीची पाळी ठरली, भांडी वाटली. एका दुपारीत सगळं गोडीगुलाबीने झालं, गावानेसुद्धा नावाजलं. महालक्ष्म्या रिवाजाप्रमाणे थोरल्याकडे राहिल्या. आणि मग त्यांची पेटी उघडली. थोरल्याने चांगला गेंडा उचलला आणि चावलेला धाकट्यापुढे सरकवला. डॉक्टर म्हणाले, हा तू चावला आहेस, चांगला माझा. भाऊ म्हणाला, चावलेला तुझाच. शेवटी डॉक्टरांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "चावलेला तुहाच आहे रे बाबू."

बस. तिथेच सगळं बिनसलं. जेवणाची पानं वाढलेली होती, डॉक्टर पानावरून उठले आणि म्हणाले, की माझा गेंडा मिळेपर्यंत या घरी जेवणार नाही. ते तेव्हा लहान नव्हते. दवाखाना सुरू झाला होता, लग्न झालेलं होतं. गेंडा अंगठ्याएवढा.

मी हसले. डॉक्टर हसले नाहीत.

"गेंड्याचं जाऊ द्या, ताई," ते म्हणाले. "माय खोटं बोलली. मोठ्यापाशी राह्यचं होतं ना तिले, मोठ्याची बाजू घेतली. मी धाकटा. मले जन्मभर उष्टंच भेटलं."

हे उष्ट्याचं पुराण मी आधीही ऐकलं होतं. त्यांची शाळेतली पेन्सिल चावलेली असायची, भोवरा चावलेला असायचा, पट्टीचा कोपरासुद्धा. थोरल्याने वापरून, चावून टाकलेलं सगळं धाकट्याच्या वाट्याला. एवढा मोठा माणूस, दोन मुलांचा बाप, गावभर मान, आणि पेन्सिलीचं सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा. मला तेव्हा हसू येई आणि वाईटही वाटे.

थोरले भाऊ दर बाजाराच्या दिवशी दवाखान्यात यायचे. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, अशी पिशवी माझ्या हाती द्यायचे. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसत असं नाही. पण थोरले कायम तोंडावर दुपट्टा धरून बोलायचे. सुरुवातीला वाटलं, की लाजतात बिचारे. मग डॉक्टरांनी खुलासा केला. थोरल्यांचा वरचा डावा सुळा दुधाचा होता. काहींचा एखादा दुधाचा दात पडतच नाही, खालचा पक्का दात हाडात अडकून बसतो आणि पोरवयातला तो एवढासा दात म्हातारपणापर्यंत तसाच राहतो. डॉक्टरांनी तो पुतणीच्या लग्नात पाहिला होता, भाऊ खदखदून हसला तेव्हा.

आता डॉक्टरांचं गणित बघा. गेंडा चावला तेव्हा भाऊ लहान होता. त्या वेळचे बाकीचे दात पडले, पुरावा गेला. पण एक दात अजून जागेवर आहे. तो आज ना उद्या हलेल, काढावा लागेल, हातात येईल. मग तो गेंड्याच्या शिंगावरच्या खुणेत बसवून बघायचा. डॉक्टर त्या दाताला साक्षीदार म्हणायचे. थोरल्यांना हे ठाऊक होतं, म्हणून दुपट्टा. दात दुखला तर ते गावातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जात, सख्ख्या भावाच्या दवाखान्यावरून.

कपाटातले एवढे गेंडेही याच खटल्यासाठी जमवलेले होते. कोणी म्हणेल, की शिंग साच्यातच तसं निघालं असेल. म्हणून डॉक्टरांनी मिळतील तेवढे गेंडे जमवून दाखवलं, की कुठल्याही साच्यात शिंग टोकदारच आहे. एकदा संभाजीनगरहून एक हौशी गृहस्थ हातात पांढरे मोजे घालून प्राणी पाहायला आले. कपाट बघून त्यांचे डोळे पांढरे झाले. डॉक्टरांनी मुद्दाम खणातला गेंडा त्यांना दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी धरला, नाक मुरडलं आणि म्हणाले, हा खराब आहे, काढून टाका. डॉक्टर दिवसभर खुशीत होते. तिऱ्हाईतानेही तो खराब म्हटला ना, मग आपलं खरं ठरलं, असा त्यांचा हिशोब.

तर अशी सगळी तयारी. कमी होता तो फक्त साक्षीदार.

तो आला महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या दिवशी. थोरले भाऊ दुपारी दवाखान्यात आले, हातात पिशवी नव्हती आणि दुपट्टा नेहमीपेक्षा घट्ट. गाल सुजला होता. गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडेही महालक्ष्म्या असतात, ते आपल्या गावी गेलेले. उद्या घरी जेवणावळ, आणि यजमानालाच घास तोडता येईना. थोरले खुर्चीत बसले, पण तोंड उघडेनात.

"गेंड्याचं नाव काढशीन तर नाही उघडत," ते दातांतल्या दातांत म्हणाले.

"नाही काढत. उघड."

डॉक्टरांनी नाव काढलं नाही. हात इतका हलका ठेवला, की मी तसा कधी पाहिला नव्हता. तो सुळा हलतच होता, सहज निघाला. थोरल्यांनी ट्रेमधल्या त्या पांढऱ्या कणाकडे एकदा पाहिलं, भावाकडे एकदा पाहिलं, आणि गालात कापूस धरून निघून गेले. मला त्यांची दया आली. आपलंच माणूस आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला ठेवून जावं, तसे ते गेले.

डॉक्टरांनी दात धुतला, पुसला. खणातून गेंडा काढला. कापूस बाजूला केला. दात खुणेला लावला, फिरवला, पुन्हा लावला. मग दिवा ओढून घेतला. मग भिंग घेतलं. मी शेजारी उभी होते, मला काही दिसत नव्हतं, फक्त त्यांचा मोठा श्वास ऐकू येत होता.

तो दात टोकदार होता. खूण सपाट होती आणि रुंद.

"ताई," ते म्हणाले, "हा लेकराचा दातच नाही. मोठ्या मानसाचा आहे."

मला वाटतं, तो गेंडा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. गावातले सगळे गेंडे आरशाखाली, भिंगाखाली घातले, पण हा कधीच नाही. त्याच्याबद्दल त्यांची खात्री होती ना. त्यांचं ते ठरलेलं वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं.

मग त्यांनी मेणाची पट्टी गरम केली आणि स्वतः चावली. न जाणो, कॉलेजात असताना झोपेत आपणच चावलो असू. जुळलं नाही. दुसरी पट्टी त्यांनी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, डॉक्टर, त्या वेळी माझा जन्मही झाला नव्हता. ते म्हणाले, तपासायला काय जातं. मीही चावले. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनाही चावायला लावलं. दोन बायका आणि एक डॉक्टर मेण चावत बसलेत, अशात एक पेशंट डोकावला आणि उद्या येतो म्हणून गेला.

डॉक्टर पुन्हा खुणेकडे वळले. पुढचे दोन दात सपाट रुतलेले. पण एका दाताच्या कडेशी एक बारीक रेघ उभी राहिलेली. तिथे दात टेकलाच नव्हता, जणू त्या जागी दात नव्हताच. ते ती रेघ सळईच्या टोकाने चाचपत होते, आणि एकदम त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, औषधांच्या कपाटाकडे.

स्टूल मीच दिलं. त्यांनी ते कुंकू लावलेले प्लास्टरचे दात खाली आणले, टेबलावर ठेवले, गेंड्याचं शिंग त्या वरच्या नि खालच्या दातांमध्ये सरकवलं. शिंग बसलं. ती बारीक रेघ दोऱ्याच्या खाचेत जाऊन बसली. कुठे फट नाही, कुठे हालचाल नाही.

"मायनं चावला," डॉक्टर म्हणाले. वहिनींचा चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, देऊळघाटला चला, ठसा सांभाळून धरायला माणूस पाहिजे. खरं म्हणजे त्यांना एकट्याने जायचा धीर होत नव्हता. वहिनी पोरांना घेऊन सकाळीच पुढे गेल्या होत्या. त्या दरवर्षी जायच्या, डॉक्टर दारातून महालक्ष्म्यांना हात जोडून न जेवता परत यायचे. मी स्कूटरवर मागे बसले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले त्यांच्या आईचे दात. प्रत्येक खड्ड्याला डॉक्टर विचारत, बरी आहे ना. मी म्हणे, बरी आहे. आम्ही कुणाबद्दल बोलतोय हे रस्त्यावरच्यांना कळलं असतं, तर वेड्याच्या इस्पितळात नेलं असतं.

घरात पुरणाचा, आंबिलीचा वास भरला होता. महालक्ष्म्या पैठण्या नेसून उभ्या, पुढे फुलोरा, फळं, आणि पायरीवर प्राण्यांची रांग. थोरले एका बाजूला वाटीत आंबील घेऊन बसले होते. सुजल्या गालाने तेवढीच गिळता येत होती. डॉक्टरांना पाहून ते उठले, आराशीतला तो धड शिंगाचा गेंडा उचलला आणि भावापुढे धरला. या वेळी तोंडावर दुपट्टा नव्हता.

"घे बाप्पा," ते म्हणाले. "जुळला असन दात. मले त आठवत बी नाही म्या चावला का नाही. पन आता पानावर बस."

डॉक्टरांनी गेंडा घेतला नाही. "नाही जुळला," ते म्हणाले.

"मंग चावला कोनं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल उघडला. डॉक्टरांनी खिशातून आपला गेंडा काढून त्या दातांत बसवला आणि सगळ्यांपुढे धरला. थोरल्यांना काही उलगडेना. आईने पोरांचं खेळणं कशाला चावावं? डॉक्टरांनाही तेच कळत नव्हतं, रात्रभर त्यांनी तोच विचार केलेला. तेवढ्यात थोरल्यांच्या पत्नी पुरणाचं ताट घेऊन तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या. सासूबरोबर सगळा जन्म काढलेली बाई.

"सासूबाईच चावत," त्या म्हणाल्या. "त्याहिले लिहिता कुठी येत होतं? दोघा पोराईले सारखी वस्तू आली, का एक चावून ठेवत. वळखीची खून म्हनून. चावलेली लहान्याची. मोठा हिसकून घेते, म्हनत, लहान्याची लहान्यालेच राह्यली पाह्यजे."

डॉक्टर हळूच म्हणाले, "पेन्सिल बी?"

"पेन्सिल बी. भवरा बी. त्याहिनं सोता सांगतलं मले."

"मंग इतके वर्सं सांगतलं काऊन नाही, वैनी?"

"मले इचारलं कोनं? तुमी दोघं भाऊ भांडून राह्यले होते, मी पोळ्या लाटून राह्यली होती." आणि त्या ताट घेऊन पुढे गेल्या, कारण नैवेद्याला उशीर होत होता.

थोरले हसायला लागले. सुळ्याच्या जागी नवी खिंड, गाल दुखतोय, तरी हसत होते. डॉक्टर मात्र तिथेच खाली बसले. हातातल्या गेंड्याच्या शिंगावरून अंगठा फिरवत राहिले. उष्टं म्हणून जे जे त्यांनी जन्मभर मोजलं होतं, ते सगळं त्यांना आता पुन्हा, उलट्या बाजूने मोजावं लागत असणार. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मला वाटलं, आत्ता जर त्यांची आई समोर आली असती, तर या माणसाने तिला पहिल्यांदा चेहऱ्यावरून ओळखलं असतं.

पानं वाढली. थोरल्यांच्या शेजारचा पाट मोकळा होता, दरवर्षी मोकळाच असायचा म्हणे. डॉक्टर त्याच्यावर बसले. बसायच्या आधी त्यांनी दोन्ही गेंडे महालक्ष्म्यांपुढे शेजारी शेजारी ठेवले, आणि त्यांच्या मागे, कुणी नको म्हणेना म्हणून, ते कुंकू लावलेले दातही ठेवले.

थोरल्यांची नात आराशीपाशी ओणवी होऊन बघत होती. तिने विचारलं, की छोटे आजोबा, यातला तुमचा कोणता.

डॉक्टरांनी पहिला घास हातात धरला होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"चावलेला तो माहा," ते म्हणाले.